टॅबलेटसाठी पेन घेण्याआधी

पेन विचारायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी टॅबलेट दाखवायला सांगतो. काहींना याचं नवल वाटतं. कागदावर कुठलंही पेन चालतं, मग काचेवर का नाही? कारण इथे पेन एकटं लिहीत नाही, पेन आणि पडदा मिळून लिहितात. दोघांचं जमत नसेल तर भारीतलं भारी पेनही रेघ उमटवत नाही. म्हणून आधी सेटिंग्ज उघडा आणि मॉडेलचं पूर्ण नाव, पिढी किंवा वर्षासकट, चिठ्ठीवर उतरवून घ्या. नुसतं ‘आयपॅड आहे’ किंवा ‘सॅमसंगचा आहे’ एवढ्यावर पेन निवडता येत नाही.

रबरी टोकाचं पेन

टचस्क्रीनच्या काचेखाली विद्युतवाहक रेषांची बारीक जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि पडद्याला स्पर्श कळतो. रबरी टोक बोटाचीच नक्कल करतं. ते पाच-सात मिलिमीटर जाड असतं, कारण फार बारीक स्पर्शाची पडदा दखलच घेत नाही. हे पेन जवळजवळ कुठल्याही टॅबवर चालतं, चार्जिंग लागत नाही, हरवलं तरी फार हळहळ वाटत नाही. पण पडद्याला ते आणि तुमचा तळहात यांतला फरक कळत नाही. हात टेकला की तिथेही रेघ. मग हात अधांतरी धरून लिहावं लागतं आणि अर्ध्या पानात मनगट भरून येतं. सही करायला, लहान मुलांना रंग भरायला ठीक. रोजच्या लिखाणासाठी आम्ही हे पेन देत नाही.

टॅबला ओळखणारं पेन

दुसऱ्या प्रकारात पेन स्वतःची ओळख पटवून देतं. टोक बारीक असतं आणि पेन जवळ आलं की टॅब तळहाताकडे दुर्लक्ष करतो. हात निवांत टेकवून लिहिता येतं. अडचण अशी, की या पेनांची घराणी वेगवेगळी आहेत आणि एका घराण्याचं पेन दुसऱ्याच्या पडद्यावर सहसा चालत नाही.

आयपॅडसाठी अ‍ॅपल पेन्सिल २०१५ साली आली, आणि आता तिचेच चार प्रकार आहेत. २०१८ ची दुसऱ्या पिढीची पेन्सिल उत्तम आहे, पण २०२४ च्या आयपॅड प्रोवर ती चालत नाही. तिथे पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सी पेन्सिल लागते. २०२३ च्या या यूएसबी-सी पेन्सिलला पेन तिरपं धरल्याचं कळतं, रेघ जाड-बारीक करणारा दाब मात्र कळत नाही. नोट्स काढणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही, चित्र काढणाऱ्याचं पदोपदी अडतं. इतर कंपन्यांची आयपॅडवर चालणारी बहुतेक पेनंही अशीच बिनदाबाची असतात, आणि ती साधारण २०१८ पासूनच्याच आयपॅडवर चालतात.

सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस मालिकेतल्या बहुतेक टॅबमध्ये वॅकॉम या कंपनीचं तंत्र आहे. पडद्याखालचा एक थर चुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनातली तारेची छोटी गुंडाळी त्यावर जागी होते आणि उलट संकेत देते. त्यामुळे लिहायला पेनात बॅटरी लागतच नाही. सॅमसंगचं एस पेन काही टॅबबरोबर चार्ज करावं लागतं, ते बटणाने दुरून फोटो काढण्यासारख्या ब्लूटूथच्या कामांसाठी. बॅटरीची कटकट नसल्याने स्टेडलर आणि लामी या पेन-पेन्सिलींच्या जुन्या कंपन्यांनीही या तंत्राची पेनं काढली आहेत. हातात धरली की खरी पेन्सिल धरल्यासारखं वाटतं आणि आम्हाला ती मनापासून आवडतात. पण हा थर असेल तरच ती लिहितात, आणि सॅमसंगच्याच ए मालिकेतल्या बऱ्याच टॅबमध्ये तो नसतो.

मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबलेटचं घराणं वेगळं, बऱ्याच क्रोमबुकचं, म्हणजे गुगलच्या क्रोम प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचं, वेगळं. क्रोमबुकवर ‘यूएसआय’ (अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेलं पेनाचं मानक) असं लिहिलं असेल तर यूएसआयचंच पेन घ्या.

दाबाचे आकडे

खोक्यावर ४०९६ किंवा ८१९२ दाब-पातळ्या असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा बघून पेन घेऊ नका. ४०९६ आणि ८१९२ मधला फरक हाताला जाणवत नाही. जाणवतं ते हे, की पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं. आणि देवनागरी लिहिणाऱ्याला हे फार लवकर कळतं. आपण अनुस्वार देताना पेन जेमतेम टेकवतो. ज्या पेनाला सुरुवातीलाच जोर लागतो, ते नेमके हेच टिंब खातं. ‘चिंच’ लिहायला जावं आणि ‘चिच’ उमटावं! म्हणून आमच्याकडे पेन तपासताना नाव लिहू नका. ‘चिंच, आंबा, मुंगी’ असे शब्द तुमच्या नेहमीच्या वेगाने, पाच-सहा ओळी लिहा. किती टिंबं गळली ते मोजा.

मग शिरोरेघ. एका लांब ओळीवर ती सावकाश ओढा, आणि नंतर प्लॅस्टिकची पट्टी ठेवून तशीच एक तिरकी रेघ. काही जोड्यांत संथ तिरकी रेघ नागमोडी येते. हा तुमच्या हाताचा दोष नव्हे. पेनाची जागा ओळखताना जाळीच्या दोन रेषांच्या मध्ये पडद्याचा अंदाज चुकतो. भरभर लिहिताना हे लपतं, चित्र काढताना उघडं पडतं. टोक आणि उमटलेली रेघ यांत अंतर दिसत असेल तर मात्र पेन बदलून उपयोग नाही. काही टॅबमध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांच्यामध्ये पोकळी असते, तिचा तो परिणाम. रेघ मागून धावत येत असेल तर आधी अ‍ॅप बदलून बघा. अ‍ॅपलने २०१९ साली नुसत्या सॉफ्टवेअरच्या बदलाने हा विलंब २० मिलिसेकंदांवरून ९ वर आणल्याचं जाहीर केलं होतं. पेन तेच होतं.

सुलेखन करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. बोरूने लिहिताना जाड-बारीक रेघ दाबापेक्षा टोकाच्या कोनातून येते. पेन्सिल प्रोला पेन बोटांत फिरवल्याचं कळतं, आणि अ‍ॅपमधला चपटा ब्रश त्याबरोबर फिरतो. तुमचं अ‍ॅप ही सोय देत असेल तर काना ओढताना याचा आनंद वेगळाच आहे.

घेतल्यानंतर

एक शिक्षिका आमच्याकडे ‘बिघडलेलं’ पेन घेऊन आल्या. अक्षरं मध्येच तुटत होती, नवं घ्यायची त्यांची तयारी होती. आम्ही टोकाला हाताने अर्धा वळसा दिला. ते फक्त सैल झालं होतं. स्क्रूसारखं बसणारं टोक महिन्यातून एकदा आवळून बघत जा. टोक झिजतंही, पडद्यावर कागदासारखी खरखरीत फिल्म लावली असेल तर लवकर झिजतं. आतला धातू दिसेपर्यंत थांबू नका, काचेवर ओरखडा येईल.

बॅटरीचं पेन पूर्ण उतरलेलं तसंच ठेवू नका. आमच्यातल्या एकाचं पेन काही महिने खणात पडून राहिलं, ते पुन्हा उठलंच नाही. वापर नसला तरी अधूनमधून चार्ज करा.

पेन बघायला येताना टॅबवरची फिल्म काढू नका आणि कव्हर घालूनच या. तुम्ही रोज त्यावरच लिहिणार आहात. शिवाय कव्हरमधलं लोहचुंबक पडद्यामागे आलं तर एस पेनसारखी पेनं तेवढ्या जागी अडखळतात, आणि ते इथेच समजलेलं बरं.