विनंती अर्ज: रस्त्याचा नि रेल्वे थांब्याचा प्रश्न लोकसभेपर्यंत न्यायचा कसा?

सोलापुरात सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहात खासदार येणार म्हटलं की पोर्चमध्ये निवेदनवाल्यांची गर्दी होते. कुणाकडे बंद पडलेल्या पॅसेंजरचं निवेदन, कुणाकडे महामार्गावरच्या चौकाचं. कागद दोन्ही बाजूंनी धरून फोटो निघतो, मग तो स्वीय सहायकाच्या बॅगेत जातो. आमच्या गावाने दुभाजकातल्या उघड्या फटीबद्दल असंच एक निवेदन दिलं होतं. सात महिन्यांनी एका कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' चूक त्यांची नव्हती. रस्ता कुणाचा हे न बघताच आम्ही मजकूर लिहिला होता.

निवेदन कुणालाही देता येतं, पण त्याचं पुढे काय करायचं हे घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं. विनंती अर्जाचं तसं नाही. तो सभागृहाच्या नावाने लिहायचा असतो, त्याला लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांचा आधार आहे आणि तो तपासायला विनंती अर्ज समिती नावाची १५ सदस्यांची समिती असते. मंत्र्याला या समितीवर घेत नाहीत. इतका जुना हक्क, पण आपल्याकडे फार थोड्यांनी वापरलेला.

आधी रस्ता कुणाचा ते बघा

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पुणे-हैदराबाद ६५, विजयपूरकडे आणि धाराशिवकडे जाणारा ५२, सांगली-कोल्हापूरकडचा १६६ हे सगळे पिवळ्या माथ्याचे. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे हे केंद्राचे विषय, म्हणून त्यांचा अर्ज लोकसभेकडे. राज्य महामार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर आमदारांमार्फत विधानसभेकडे जायचं. तिथेही विनंती अर्ज समिती आहे. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कायद्यातच बदल हवा असेल तर पुन्हा दिल्लीच.

खासदार कोणते, इथेही गल्लत होते. जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ, पण लोकसभेला ते तिघांत वाटलेले. मोहोळ, अक्कलकोट, पंढरपूर, दक्षिण सोलापूर आणि शहरातले दोन हे सोलापूर मतदारसंघात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात. बार्शी मात्र धाराशिवच्या खासदारांकडे. बार्शीकर सोलापुरात येऊन अर्ज देतात, नि तो नम्रपणे घेतलाही जातो, एवढंच. खरं तर अर्ज लोकसभेचा कोणताही खासदार मांडू शकतो, पण पाठपुरावा आपल्या माणसाकडूनच होतो.

कोण करू शकतं आणि काय चालत नाही

एकटा माणूसही अर्ज करू शकतो. संघटना नोंदणीकृत असावी, पाचशे सह्या असाव्यात अशी काही अट नाही. विषय मात्र सार्वजनिक हिताचा हवा. जे प्रकरण न्यायालयात आहे, जे राज्याच्या विधिमंडळात मांडायला हवं किंवा ज्यावर कायद्याने आधीच दाद मागता येते, ते इथे चालत नाही.

या शेवटच्या अटीत बरेच अर्ज अडकतात. घरातला माणूस अपघातात गेला आणि गाडी धडक देऊन पळाली, तर त्याची भरपाई विनंती अर्जात मागू नका. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली २०२२ ची योजना आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये. अर्ज तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या महसूल अधिकाऱ्याकडे नमुना १ मध्ये द्यायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत प्रथम खबरी अहवाल, शवविच्छेदन किंवा दुखापतीचा अहवाल, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि बँक पासबुकाची प्रत लागते. गाडीचा नंबर मिळालाच नाही म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिलेत. ही योजना नेमकी त्यांच्याचसाठी आहे.

मजकूर कसा लिहायचा

सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो: विनंती अर्जाला काहीही जोडायचं नाही. पत्र नाही, प्रतिज्ञापत्र नाही, कात्रण नाही, फोटो नाही. फाइल जाड केली की काम होतं, अशी सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे पटतच नाही. म्हणून जे सांगायचं ते अर्जाच्या मजकुरातच यायला हवं. जाड फाइल खासदारांना वेगळी द्या. प्रश्नोत्तराच्या तासाला, शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली (सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे सभागृहाचं लक्ष वेधण्याचा नियम) बोलताना त्यांना तीच कामाला येते.

अर्ज 'लोकसभेस' असा सुरू होतो, पंतप्रधानांना किंवा मंत्र्यांना नाही. मग अर्जदारांची ओळख, मग हकीकत आणि शेवटी नेमकी मागणी. भाषा सभ्य आणि संयत हवी. 'झोपलेल्या प्रशासनाला जागं करा' वगैरे फलकावर शोभतं, इथे नाही.

हकीकत लिहिताना माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या कार्यालयाकडे १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून एकाच विषयावर, १५० शब्दांत अर्ज करायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. अपघातांच्या आकड्यांसाठी शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय. विचारायचं काय? 'अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर या टप्प्यात गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती अपघात, किती मृत्यू, किती गंभीर जखमी.' तीनच वर्षं, कारण राष्ट्रीय महामार्गावरचा अपघातप्रवण टप्पा, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवण्याचा निकषच तसा आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तुमचा आकडा या रेषेच्या वर असेल तर अर्जाचं पहिलं वाक्य तेच असू द्या.

रेल्वेसाठी माहिती विभागीय रेल्वे व्यवस्थापक कार्यालयाकडे मागायची. रेल्वे केंद्राची, म्हणून कोर्ट फी तिकीट चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. मार्च २०२० मध्ये देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. टप्प्याटप्प्याने परत सुरू झाल्या तेव्हा लहान स्थानकांवरचे कित्येक थांबे परतले नाहीत. अर्जात नुसतं 'आमची गाडी थांबत नाही' लिहू नका. गाडीचा क्रमांक, थांबा कोणत्या तारखेपासून बंद, त्याआधीच्या वर्षात त्या स्थानकावर दरमहा किती तिकिटं विकली गेली, हे तिन्ही मागवा नि लिहा. विद्यार्थी, दूधवाले, दवाखान्याला जाणारे यांचे हाल एका परिच्छेदात पुरे. तिकिटांचा आकडा मात्र खोडता येत नाही.

मागणीही संसदेला करता येण्यासारखी हवी. उदाहरणार्थ, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम. मोठ्या ठेक्यापुढे लाखाची रक्कम किती लहान, हे सांगायला नको. दंड वाढवावा, ही चोख मागणी झाली. 'रस्ते सुरक्षित करा' ही मागणी झाली नाही. आणि रस्ता नि रेल्वे एकाच अर्जात कोंबू नका. दोन मंत्रालयं, दोन अर्ज.

भाषा, सह्या आणि पुढचं

अर्ज मराठीत लिहिता येतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवं आणि त्यावरही अर्जदाराची सही हवी. जोडायला चालतो असा हा एकच कागद. आपल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा नांदतात, तरी चांगलं हिंदी लिहिणारा शोधताना दमछाक होते. शाळेतल्या हिंदीच्या बाईंना गाठा.

प्रत्येक सहीसोबत पूर्ण नाव आणि पत्ता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा. किमान एक सही मजकुराच्याच पानावर घ्या आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहा. कोऱ्या पानावर घेतलेल्या सह्या कशालाही जोडता येतात, अशी शंका मग उरत नाही.

खासदार अर्ज मांडणार असतील तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. स्वतःचा अर्ज त्यांना स्वतः मांडता येत नाही. खासदार मिळालेच नाहीत तर अर्ज थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येतो. मांडताना सभागृहात चर्चा होत नाही, एका वाक्यात काम उरकतं, त्यामुळे टीव्हीवर शोधत बसू नका. खरं काम पुढे समितीत होतं: मंत्रालयाचं म्हणणं मागवलं जातं, गरज पडली तर अर्जदारालाही बोलावतात, मग अहवाल सभागृहात जातो.

खासदारांच्या सहायकाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: अर्ज मांडल्याची तारीख आणि लोकसभा सचिवालयाच्या पत्राचा क्रमांक. पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावरच होते.