अ‍ॅल्युमिनियमची साल आणि नागपूरचा मे

पत्रा फाटला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. मशीनची सुरी खाली आली, पत्रा काटकोनात वळला आणि घडीच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढी भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधली ही एप्रिलची दुपार. मिस्त्रींनी पत्रा उजेडात धरला, भेगेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हा माल कडक आहे. याले वाकवलं तं तुटनच. नरम पत्रा आना."

संगणकाचं कॅबिनेट विकत न घेता स्वतः घडवायचं, तेही अ‍ॅल्युमिनियमचं, असं मी ठरवलं होतं. जितका मजबूत तितका चांगला, या हिशोबाने ६०६१-टी६ नावाच्या मिश्रधातूचा पत्रा आणला. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं. ठरावीक पद्धतीने तापवल्यावर या दोघांचे अतिसूक्ष्म कण धातूत जागोजागी तयार होतात. धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि हे कण त्या सरकण्यालाच पाचर मारून बसतात. पत्र्याला ताकद त्यामुळेच येते. पण लहान त्रिज्येत वळवला की बाहेरचा धातू ताणला जायला तयार नसतो, तो फाटतो. मिस्त्रींना हवा असलेला नरम पत्रा म्हणजे ५०५२. त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं, पाचरी मारणारे कण नसतात. तो निमूट वळतो. तरी एक पथ्य आहेच. पत्रा रोलरमधून निघताना त्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा उमटतात. घडी त्या रेघांना आडवी घालायची, समांतर नाही.

मोजमापातही एक गंमत आहे. बाहेरून १०० आणि ५० मिलिमीटरच्या दोन बाजू हव्या असतील, तर पत्रा १५० चा कापून चालत नाही. वळणावर धातू कोपऱ्यापर्यंत जात नाही, आतून गोलाईने फिरतो. जाडी २ मिलिमीटर आणि आतली त्रिज्याही २ धरली, तर पत्रा साधारण १४६.५ मिलिमीटरचा कापावा लागतो. हे साडेतीन मिलिमीटर विसरले तर मदरबोर्ड बसत नाही. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकानुसार बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा आणि त्याच्या भोकांच्या जागा ठरलेल्या. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५. या आकड्यांशी तडजोड नाही.

बाकी काम हाताचं. अ‍ॅल्युमिनियम कानशीच्या दातांत चिकटून बसतं, म्हणून कानशीवर आधी खडू घासायचा. ड्रिल करताना रॉकेलचे दोन थेंब टाकायचे. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला २ मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम चार आटे मिळतात आणि दोनदा उघडझाप केली की ते जातात, म्हणून रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात कायमचे घट्ट बसणारे आटेदार नट, बसवायचे.

कोपरे वेल्डिंगने जोडावेत असं मला वाटत होतं. त्याला मिस्त्रींनी मान हलवली, आणि त्या नकारामागचं कारण शोधताना मला या धातूची खरी गोष्ट सापडली.

अ‍ॅल्युमिनियम आपण कधी पाहतच नाही. पातेलं असो, खिडकीची चौकट असो की ताजा कापलेला पत्रा, आपल्याला दिसते ती त्याची साल. धातू कापला की क्षणात हवेतला ऑक्सिजन त्याला धरतो आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो. थर दोन ते चार नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या भागाचा. तो इतका घट्ट असतो की पुढचा ऑक्सिजन आत शिरत नाही आणि वाढ तिथेच थांबते. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ही साल सुटत नाही. रासायनिक घटक म्हणाल तर हा कुरुंदच. किंचित क्रोमियम मिसळलं की त्याच कुरुंदाला आपण माणिक म्हणतो.

वेल्डिंगची अडचण इथेच आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याची साल दोन हजार अंशांच्याही वर. आतला धातू पाणी झालेला आणि वरची साल शाबूत, अशी अवस्था येते. आर्गन वेल्डिंगमध्ये उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह वापरतात तो ही साल फोडण्यासाठी. पातळ पत्र्यावर त्याला फार सरावलेला हात लागतो. मी रिव्हेट नट आणि स्क्रूवर समाधान मानलं.

ऑक्सिजनची ही ओढ किती, ते विजेच्या हिशोबातही दिसतं. ऑक्साइडमधून एक किलो अ‍ॅल्युमिनियम सोडवून घ्यायला १३ ते १५ युनिट वीज जाते. माझ्या कॅबिनेटला साडेतीन किलो पत्रा लागला, म्हणजे जवळपास ५० युनिट वीज त्यात गोठलेली आहे. भंगारातून पुन्हा धातू करायला याच्या पाच टक्के ऊर्जा पुरते, म्हणून मी तो फाटलेला पत्रा फेकला नाही, भंगारवाल्याकडे पोचवला. या एका धातूच्या संशोधनासाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपुरात, अमरावती रोडवर वाडीला आहे: जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र. तिच्यासमोरून जाणारे आपण किती तरी जण आत काय चालतं याचा विचार करत नाही, याची मला खंत वाटते.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्या उष्णतेकडे येतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक तापत्या नऊ दिवसांत, इथे संगणकाचा पंखा कूलरपेक्षा मोठ्याने ओरडतो. "अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, म्हणून कॅबिनेट थंड राहतं," असं दुकानदारांपासून इंजिनिअर मित्रांपर्यंत सगळे सांगतात. मीही तेच धरून चाललो होतो. गणित मांडलं तेव्हा चित्र वेगळंच निघालं.

कॅबिनेट ४० बाय ४० बाय २० सेंटिमीटरचं. सगळ्या बाजू मिळून ०.६४ चौरस मीटर. आतला संगणक ३०० वॅट खातो आणि त्याची सगळी उष्णताच होते. ही सगळी उष्णता भिंतींतून बाहेर गेली असं धरलं, तर २ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागात किती फरक पडेल? एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी. आणि १ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी पत्र्यात? तोही शंभराव्या भागापेक्षा कमीच. धातूच्या जाडीतून पार व्हायला उष्णतेला कुठेच अडचण नाही. अडते ती पृष्ठभागावर, धातू सोडून हवेत उतरताना. तिथे धातू कोणता याला जवळजवळ महत्त्व नाही.

म्हणून खरं काम हवेचं. आत येणारी हवा १० अंशांनी तापून बाहेर पडावी असं ठरवलं, तर ३०० वॅटसाठी मे महिन्यातल्या विरळ हवेत सेकंदाला साधारण २८ लिटर हवा खेळवावी लागते. दर सेकंदाला जवळपास दोन बादल्या. जाळीची भोकं मोठी ठेवणं, वायरी हवेच्या वाटेतून बाजूला बांधणं, खालून आत आणि वरून बाहेर असा सरळ मार्ग देणं, याने जे साधतं ते महागड्या धातूने साधत नाही.

मग भिंतींचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो पुन्हा सालीपाशी येतो. तापलेली वस्तू हवेला उष्णता देते, शिवाय अवरक्त किरणांच्या रूपाने ती फेकतही असते. आदर्श काळा पृष्ठभाग १०० फेकत असेल, तर चकचकीत उघडं अ‍ॅल्युमिनियम ५ ते १० फेकतं. हे घरी पाहता येतं. चकाकत्या पत्र्यावर लांबून तापमान मोजणारी बंदूक रोखा. ती पत्र्याचं तापमान सांगत नाही. पत्र्यात आरशासारखी परावर्तित झालेली समोरच्या भिंतीची उष्णता वाचते. त्याच पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, थोडं थांबा आणि तुकड्यावर रोखा. गरम पत्र्यावर आकडा टुणकन वर जातो. पत्रा तोच, तापमान तेच, वरचा पदर फक्त बदलला.

हा पदर कायमचा बदलण्याची रीत म्हणजे अ‍ॅनोडायझिंग. पत्रा सौम्य गंधकाम्लात बुडवून त्याला विजेचं धन टोक जोडतात. नैसर्गिक साल काही नॅनोमीटरवर थांबते, विजेच्या जोरावर ती १५ ते २० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे हजारो पटींनी जाड होते. या सालीत सरळ उभी सूक्ष्म छिद्रं असतात. रंग हवा असेल तर तो त्यांत भरतात आणि मग उकळत्या पाण्यात धरून तोंडं बंद करतात. अशी साल १०० पैकी ८० च्या आसपास उष्णता फेकते. माझ्या कॅबिनेटच्या भिंती खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असतील, तर उघड्या पत्र्याने ३५ ते ४० वॅट बाहेर जातील, अ‍ॅनोडाइझ केलेल्याने ७० च्या जवळपास. जवळजवळ दुप्पट, आणि पंख्याच्या एकाही जादा फेऱ्याविना. रंग काळाच हवा असंही नाही. अवरक्त किरणांना बिनरंगी सालही काळीच दिसते.

एक सावधगिरी मात्र नागपूरकरांनी घ्यावीच. जो पृष्ठभाग चांगला फेकतो तो तितकाच चांगला शोषतो. दिवसभर ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीला खेटून कॅबिनेट ठेवलं, तर संध्याकाळी ती भिंतच त्याला तापवते. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये. झोतातले तुषार वाळले की पाण्यातला क्षार आतल्या बोर्डावर उरतो.

कॅबिनेट जुळवलं. पत्रे ५०५२ चे आणि कोपऱ्यांचे सेक्शन खिडक्यांना वापरतात त्या ६०६३ चे, त्यामुळे अ‍ॅनोडायझिंगच्या एकाच टाकीतून निघूनही दोघांची छटा किंचित वेगळी आली. मला ती आवडली. सुरू केलं, मागच्या एका स्क्रूला मनगटाची मागची बाजू लागली आणि झिणझिण्या आल्या.

त्याचं कारण असं. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला खरखराट अर्थिंगमध्ये सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंग नसेल तर ते अंग २३० च्या निम्म्या व्होल्टवर लोंबकळत राहतं. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढा, पण जाणवतो. आमच्या घरचा अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत पडला होता. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. सुकी माती वीज नीट वाहू देत नाही. इलेक्ट्रिशियनने जोडण्या तपासल्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, आणि तेव्हापासून उन्हाळाभर आई तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही रोज तांब्याभर पाणी घालते.

झिणझिण्या थांबल्या. तरीही मल्टीमीटरचं एक टोक पॉवर सप्लायला आणि दुसरं वरच्या पत्र्यावरच्या एका ओरखड्याला लावलं, तर विजेची वाट जोडलेली असल्याची बीप वाजेना. उष्णता फेकणारी तीच साल वीज मुळीच वाहू देत नाही. पाचही पत्रे एकमेकांना स्क्रूने घट्ट बांधलेले, तरी विजेच्या दृष्टीने सुटे. एखादी वायर कडेवर घासून सोलली गेली असती, तर पत्र्यात वीज उतरली असती आणि ती अर्थिंगला गेलीच नसती, म्हणजे ब्रेकरही पडला नसता.

म्हणून सगळं पुन्हा उघडलं. प्रत्येक जोडावर एका स्क्रूखालची नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, राखाडी साल जाऊन पांढरा धातू चमकेपर्यंत. तिथे दातेरी वॉशर घालून स्क्रू पिळून बसवला. घासलेल्या जागेवर तेवढ्या वेळातही नवी साल आलीच असणार, पण वॉशरचे दात ती फोडून धातूत रुततात, आणि जिथे ते रुतले आहेत तिथे हवा पोचत नाही. मल्टीमीटर पाचही पत्र्यांवर वाजला.