वृक्षसंगोपन, श्रमदानातून

गावालगतच्या डोंगरउतारावर, गायरानात किंवा वनजमिनीवर लावलेली अथवा आपोआप उगवलेली रानझाडांची रोपे स्वयंसेवकांनी मोबदला न घेता जगवण्याचे काम. वृक्षारोपण व वृक्षसंगोपन हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. प्रत्यक्षात लागवड एका दिवसाची असते आणि संगोपन साधारणतः तीन वर्षांचे. येथे विचार संगोपनाचा आहे.

उगम : प्रथेचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. मराठी लेखनात बहुधा आज्ञापत्राचा आधार दिला जातो. आरमारासाठी लाकूड कोठून आणावे हे सांगताना त्यात आंबा-फणसांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी जतन करून वाढवली आहेत, असे बजावले आहे. हा उतारा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास छापला जातो. परंतु आज्ञापत्र हा रामचंद्रपंत अमात्यांचा राजनीतिपर ग्रंथ असून तो महाराजांच्या निधनानंतर सुमारे साडेतीन दशकांनी, बहुधा १७१५-१६ मध्ये, सिद्ध झाला. धोरण महाराजांच्या काळचे असणे शक्य आहे. शब्द मात्र अमात्यांच्या ग्रंथातले आहेत. शिवाय तेथे प्रश्न रयतेने लावलेल्या झाडांचा आहे, सामाईक रानाचा नाही. दुसरे मत देवराईकडे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाकडे, निर्देश करते. देवराईत काडीलाही हात न लावण्याचा दंडक असतो, म्हणजे तेथे राखण आहे, खुरपणी नाही. त्यामुळे आजच्या प्रथेचे मूळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील श्रमदानाच्या कामांत पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

विस्तार : तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या वनमहोत्सवाचा भर लागवडीवर होता. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. तो काळ लागवडीचा नव्हे, आच्छादन व पाणी देण्याचा. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी श्रमदानाला जोडली गेली. हे नियम १९९२ च्या आदर्श गाव योजनेत आले. नगर तालुक्यातील हिवरे बाजारनेही ते पाळले. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराची वृक्षमंदिरे १९७९ च्या सुमारास सौराष्ट्रात सुरू झाली. तेथे स्वाध्यायी पाळीपाळीने येऊन झाडांची निगा राखतात. या स्वाध्यायींना ‘पुजारी’ म्हणतात. वनखाते व गाव यांच्या भागीदारीला केंद्राच्या १ जून १९९० च्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापनाची चौकट दिली.

पद्धत : रोपांची मर मुख्यतः पहिल्या दोन उन्हाळ्यांत होते. पिशवीत वेटोळे झालेले मूळ लावताना तसेच राहिले असेल, तर पुढची निगा बरीचशी वाया जाते. पहिल्या पावसाळ्यात रोपाशी खरी स्पर्धा गवताची असते. ते मातीच्या वरच्या थरातली ओल आधी ओढते. म्हणून आळे खुरपून निघालेले गवत त्यातच पसरतात, पण खोडाला टेकू देत नाहीत, नाहीतर वाळवी लागण्याचा धोका असतो. उतारावर आळ्याची खालची कड चंद्रकोरीसारखी उंच करतात. मेलेल्या रोपांच्या जागी दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी नवी लावणे म्हणजे नांग्या भरणे. पाणी रोज थोडे देण्यापेक्षा ठरावीक दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. काही ठिकाणी पाणी हळूहळू झिरपावे म्हणून रोपाशेजारी मडके पुरतात.

मनुष्यबळाचा अंदाज कामाचे स्वरूप स्पष्ट करतो. दोन मीटर अंतराने हेक्टरी २,५०० रोपे बसतात. एका आळ्याला पाच मिनिटे धरली तरी एका खुरपणीस सुमारे २०८ तास, म्हणजे चार तासांच्या श्रमदानाला ५२ माणसे लागतात. लागवडीच्या दिवशी ती सहज जमतात. ऑगस्टच्या चिखलात पुन्हा येणारी ५२ माणसे हाच या कामाचा कणा होय.

दिवाळीनंतर गवत वाळू लागले की जाळरेषा काढतात, म्हणजे कडेचा पट्टा गवतमुक्त करतात. वणव्यांचा मोसम साधारण फेब्रुवारी ते मे असतो. आग ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात. हे काम अनुभवी माणसाखेरीज करू नये. जेथे साग, ऐन किंवा पळसाचे जिवंत खुंट आहेत, तेथे त्यांचे एक-दोन सरळ धुमारे राखून बाकीचे छाटणे नव्या लागवडीपेक्षा स्वस्त पडते व झाडही लवकर वाढते, कारण मूळ आधीच रुजलेले असते. हा मार्ग स्वयंसेवक फार कमी वापरतात, ही खेदाची बाब आहे.

मतभेद : गिरिपुष्पासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या परकीय झाडांवर स्थानिक जातींचा पुरस्कार करणाऱ्यांचा आक्षेप आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : दख्खनच्या पठारावरील अनेक ‘ओसाड’ माळ मुळातच गवताळ परिसंस्था असून तेथे दाट झाडी लावल्याने माळढोकासारख्या पक्ष्यांचा अधिवास नष्ट होतो. हा आक्षेप ग्राह्य मानावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या मोहिमांत लागवडीचे उद्दिष्ट २०१६ मधील २ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले, तेव्हा जागेच्या निवडीचा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.