‘डिस्क बेंड झाली’ या निदानाची पार्श्वभूमी

भरधाव स्पोर्ट्स कारला दोन-चारदा करकचून ब्रेक मारले की पुढच्या वेळी स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं : डिस्क बेंड झाली, लेथवर एक कट मारून घ्या. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती; ब्रेक मारला की तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. कट म्हणजे तिचा वरचा थर तासणं.) कट मारल्यावर थरथर जाते, काही महिन्यांत परत येते, आणि मालक कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. डिस्कचा इतिहास पाहिला तर हे निदान बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ साली घेतलं. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि ते असे किंचाळायचे की गाडी येतेय हे लांबूनच कळावं. पुढची पन्नासेक वर्षं ड्रमचीच सद्दी राहिली, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा आणि त्याला आतून दाबणारे ब्रेक शू. ड्रमची अडचण अशी, की तापला की तो फुगून ब्रेक शूपासून दूर जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क फुगते ती पॅडच्या दिशेने. विमानांच्या चाकांवर हे तंत्र पक्कं झालं आणि डनलॉपने ते जॅग्वारसाठी गाडीवर आणलं. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या डिस्कवाल्या जॅग्वार सी-टाइपने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तीही ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने. सरळ रस्त्याच्या शेवटी बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारता येणं, हा त्या गाडीचा मोठा फायदा होता. मर्सिडीज मात्र १९५५ पर्यंत ड्रमलाच धरून होती. त्या वर्षी ल मान्सला तिने ड्रमच्या मदतीला गाडीच्या मागे चक्क हवेत उभा राहणारा पत्रा बसवला.

डिस्कने उष्णता संपवली नाही, फक्त तिला उघड्यावर आणलं. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे २.३ मेगाज्यूल ऊर्जा मुरवावी लागते, १०० वरून थांबवण्याच्या चौपट. त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कांवर येते, आणि एका दमात त्या दोनेकशे अंशांनी तापू शकतात. म्हणून भरीव डिस्कच्या जागी हवा खेळेल अशी, मध्ये पोकळी आणि पाती असलेली डिस्क आली. पण डिस्कचा कडा (पॅड घासतो तो भाग) आणि तिची टोपी (चाकाला जोडणारा मधला भाग) एकाच ओतकामात असली, तर तापलेला कडा फुगतो, थंड टोपी त्याला एका बाजूने धरून ठेवते, आणि डिस्क उथळ शंकूसारखी होते. यावर उपाय म्हणून शर्यतीच्या गाड्यांत कडा आणि टोपी वेगळ्या केल्या आणि कड्याला फुगायला थोडी मोकळीक ठेवली.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते १९६५ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं प्रकरण. त्या वर्षी या गाडीला चारही चाकांवर हवेशीर डिस्क आणि पॅड दाबणारे चार पिस्टनचे कॅलिपर मिळाले. कारखान्यात डिस्क हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, रिव्हेट करून मग दोन्ही एकत्र मशीनवर घेतले जात, त्यामुळे ती जोडी अगदी सरळ फिरे. पुढे हँडब्रेकच्या कामासाठी किंवा डिस्क बदलायला मेकॅनिकांनी रिव्हेट ड्रिल करून उडवले आणि नवी डिस्क नुसती चाकाच्या नटांवर कसली. डिस्कमध्ये खोट नव्हती, पण आता ती किंचित लचकत फिरू लागली. प्रत्येक फेऱ्यात ती पिस्टनना आत-बाहेर ढकलायची. कॅलिपरमधली ओठासारखी सील तेल बाहेर जाऊ देत नसे, पण या हलण्याने हवा आत ओढून घ्यायची. कुठे थेंबभर गळती नाही आणि तरी पेडल मऊ! लोकांनी कॅलिपरवर कॅलिपर बदलले. दोष होता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या डगमगीचा, आणि तो सापडायला डायल गेज हे डगमग मोजायचं साधं घड्याळ पुरेसं होतं.

फोर्डच्या जीटी४० या शर्यतीच्या गाड्यांचा अनुभव वेगळा. त्यांच्या डिस्क ल मान्सच्या वेगात इतक्या तापायच्या, की त्यांना तडे जात. म्हणून १९६६ च्या शर्यतीसाठी फोर्डच्या चमूतले फिल रेमिंग्टन यांनी पिटमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या थांब्यावर, डिस्क झटपट बदलता येईल अशी रचना केली. बिडाचा तवा जसा तापल्यावर पाणी पडलं की तडकतो, पण सहसा वाकडा होत नाही, तसंच हे. फोर्डच्या याच मोहिमेत काम केलेले अभियंते कॅरल स्मिथ यांनी पुढे लिहून ठेवलं, की त्यांनी तडकलेल्या डिस्क पाहिल्या, शंकू झालेल्याही पाहिल्या. पण ‘बेंड’ म्हणून आलेलं जे जे प्रकरण तपासलं, त्यात पॅडचा माल डिस्कवर असमान चिकटलेला निघाला.

हे होतं असं : दमवून चालवलेली गाडी थांबवून चालक पेडलवर पाय तसाच ठेवतो. लालबुंद पॅड एकाच जागी दाबून राहतो आणि डिस्कवर त्याचा ठसा उमटतो. ठशाची जागा पुढे जास्त घासते, जास्त तापते, आणि साधारण ६५०-७०० अंशांच्या पुढे तिथल्या बिडात सिमेंटाइट हा कडक घटक तयार होतो. तो भाग कमी झिजतो, म्हणून उंच राहतो. वरवरच्या कटने ठसा जातो, खोलवरचा कडकपणा राहतो. चाकाचे नट वेडेवाकडे आवळले किंवा हबवर गंज राहिला तरी शेवट असाच होतो : लचकणारी डिस्क ब्रेक न मारताही एकाच जागी पॅडला पुसट घासत राहते आणि तिथे पातळ होते. जाडीत १५-२० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांचा) फरक पडला तरी हाताला जाणवतो.

डिस्कला भोकं पाडण्याची फॅशन पोर्शच्या ९१७ या शर्यतीच्या गाडीमुळे आणि नंतरच्या ९११ टर्बोमुळे रुळली. ती दिसायला छान, पण ट्रॅकवर तडे बहुधा भोकांपासूनच सुरू होतात. मग २००१ मध्ये ९११ जीटी२ कार्बन-सिरॅमिक डिस्क घेऊन आली. वजन बिडाच्या जवळपास निम्मं आणि उष्णतेने आकार फारसा बिघडत नाही. मात्र सततच्या प्रचंड तापमानात त्यातला कार्बन जळत जातो, आणि नव्या जोडीची किंमत डोळे पांढरे करते. त्यामुळे ट्रॅकवर नियमित जाणारे बरेच मालक सिरॅमिक डिस्क काढून घरी ठेवतात आणि बिडाच्या बसवून घेतात.