मुरमातलं पाणी आणि डोहातली मरळ

मे महिन्याच्या अखेरीला, ऐन दुपारच्या उन्हात, एक माणूस मोटारसायकलवरून आमच्या गावच्या जुन्या विहिरीवर यायचा. पिशवीतून टेप काढायचा, टोकाला वजन बांधलेला तो टेप हळूहळू आत सोडायचा आणि कान देऊन उभा राहायचा. वजन पाण्याला टेकल्याचा बारीक आवाज आला, की कठड्यावरच्या खुणेपाशी आकडा बघायचा, वहीत टिपायचा आणि टेप गुंडाळून निघून जायचा. आम्हा पोरांना वाटायचं, एवढ्या एका आकड्यासाठी हा कुठून कुठून येतो?

तो भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस होता. राज्य सरकारची ही यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली. मराठवाड्यात म्हातारी माणसं अजूनही आपलं वय 'बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' असं सांगतात, तेच हे साल. त्याच वर्षी दिल्लीतही एक जुळवाजुळव झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासून देशाचे खडक तपासणारी संस्था. तिच्यातला भूजलाचा विभाग काढून केंद्रीय भूजल मंडळाला जोडला गेला. कागदावर खडक एकीकडे आणि पाणी दुसरीकडे गेलं. विहिरीत ते अजून एकत्रच आहेत.

टेप सोडण्यासाठी राज्यात हजारो निरीक्षण विहिरी ठरवून ठेवलेल्या आहेत. वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजतात: पावसाळा सरताना, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. आलेला आकडा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. टंचाई कुठल्या तालुक्यात आधी पडणार, टँकर कुठे लागणार, याचा अंदाज पुष्कळसा याच वह्यांवर बांधला जातो. एका विहिरीचा एक आकडा तसा मुका असतो. तीस-चाळीस वर्षांचे आकडे एकाखाली एक आले, की ती विहीर बोलायला लागते.

पण ती काय बोलते ते कळायला आधी खाली काय आहे ते बघायला हवं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. हे एकदा होऊन थांबलं नाही. एक थर निवायचा, कधी त्यावर माती तयार व्हायची, मग पुन्हा लाव्हा. पुरणपोळ्यांची चळत समजा, फक्त एकेक पोळी पाच-दहा मीटर किंवा त्याहूनही जाड. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण. देवगिरीच्या किल्ल्याचा तासलेला कडा बघितला असेल, तर हा पाषाण काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. त्याला भेगा नसतील तर त्यातून पाण्याचा थेंब जात नाही. थराच्या वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. कालांतराने त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. विहीर खोदणारे या ठिसूळ, ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी चकाकणारे स्फटिक विकायला मांडलेले असतात, ते अशाच मोठ्या पोकळ्यांतून आलेले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो, आणि तो बहुधा पाणी अडवून धरतो. सगळ्यांत वर, ऊन-पावसाने झिजून तयार झालेला मुरूम.

ही चळत किती जाड आहे, हे आपल्याला कळलं ते एका भयंकर कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जायचा. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडून खडकाचे नळकांडीसारखे नमुने वर काढले. त्यात लाव्ह्याचे थर ३३८ मीटर भरले. त्यांच्याखाली अवघा ८ मीटरचा गाळाचा थर, आणि त्याखाली दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना, स्फटिकमय खडक. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फुटांच्या पुढे. 'अजून शंभर फूट मारा, काळा संपला की पाणी लागेल' असं सांगणाऱ्याला हा आकडा ऐकवावा.

या सगळ्या जाडीत पाणी कुठे राहतं? बहुतेक सगळं वरच्या मुरमात आणि त्याखालच्या भेगाळलेल्या, मांजऱ्या खडकात. राहतं ते किती, याचा सरकारी हिशेब मला फार बोलका वाटतो. भूजलाचं मूल्यांकन करताना पाण्याने भरलेल्या झिजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या या लाव्ह्याच्या खडकातून, साधारण २ टक्के पाणी सुटतं असं धरतात. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळासाठी हेच प्रमाण १६ टक्के धरलं जातं. गंगेच्या मैदानातला शेतकरी आणि गेवराईचा शेतकरी दोघंही 'विहिरीतलं पाणी एक मीटरने उतरलं' म्हणतात तेव्हा ते एकच वाक्य बोलत असतात, गोष्ट मात्र आठ पटींनी वेगळी असते.

गणित करून बघा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याखालची पातळी एक मीटरने खाली गेली, तर आपल्या मुरमातून निघालेलं पाणी होतं सुमारे ८१ हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. बस्स. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिने ५ लाख लिटर पाणी आणलं होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले, स्टेशनवर गर्दी झाली. ते पाणी म्हणजे सहा एकर मुरमातलं एक मीटर पाणी. रेल्वेला मी कमी लेखत नाही, तहानेच्या वेळी ती आली हे खरंच. पण सहा एकर, एक मीटर, हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

जमा बाजूही बघू. मराठवाड्यात पाऊस ढोबळमानाने ७०० मिलिमीटर धरा. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये त्यातला साधारण ७ टक्के जमिनीत मुरतो असं मूल्यांकनात धरतात. सच्छिद्र किंवा भेगाळलेला खडक असेल तर १३ टक्क्यांपर्यंत. सात टक्क्यांनी वर्षाला ४९ मिलिमीटर, जेमतेम दोन बोटं पाणी. आता ऊस घ्या. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पडलेला सगळा पाऊस पिकाच्या कामी आला असं मानलं (तसा तो येत नाही, पण उसाची बाजू घेऊन मानू), तरी १,३०० मिलिमीटर विहिरीतून उपसायचे. म्हणजे एक एकर ऊस सव्वीस एकरांहून जास्त जमिनीत मुरलेलं पाणी पितो. ऊस लावणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. ज्या पिकाचा भाव आधी ठाऊक असतो असं दुसरं पीक त्याला कुणी दाखवलेलं नाही. पण खडकाला बाजारभाव कळत नाही.

मग बोअर येतो. उन्हाळ्यात रात्री गावात गडगडाट सुरू झाला, की समजायचं, तमिळनाडूची गाडी कुणाच्या तरी वावरात उभी आहे. पाणाड्या नारळ तळहातावर ठेवून जागा दाखवून गेलेला असतो. दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. पाणी लागलं तर पेढे, नाहीतर नुसता फुफाटा. यात एक गंमत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. बोअर मारताना वरचा मुरूम ढासळू नये म्हणून त्यात केसिंग पाइप घालतात. म्हणजे ज्या थरात पाणी साठतं, तोच थर पाइपाने बंद करून आपण खाली घट्ट पाषाणात पाणी शोधायला निघतो! खाली एखादी भेग किंवा मांजऱ्याचा पट्टा सापडतो, दाबाखालचं पाणी जोरात वर येतं, पहिलं वर्ष बरं जातं. पण त्या भेगेत साठा थोडा, आणि तिथवर नवं पाणी पोचायला लागणारा काळ मोठा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोअर गुळण्या टाकायला लागतो. शिवाय केसिंगच्या खालचं उघडं भोक वरच्या भेगांतलं पाणीही खाली सोडून देतं, आणि शेजाऱ्याची चांगली चाललेली विहीर कोरडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि तिच्यावर बंधनं घातली आहेत, त्यामागे हेच भूशास्त्र आहे. बंधन किती पाळलं जातं, ते रात्रीच्या गडगडाटाला विचारावं.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने औरंगाबादच्या (तेव्हाच्या खडकीच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) लोकांसाठी नहर बांधली, तेव्हा हातात भूजलाचे नकाशे नव्हते. तरी त्याच्या माणसांनी शहराच्या उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून, उताराने, पाझराचं पाणी शहरात आणलं. उपसा नाही, मोट नाही. वरच्या थरात झिरपेल तेवढंच पाणी नहरीत उतरणार. नहरीला वाटेल तेवढं पाणी ओढता येत नव्हतं, यातच तिचं आयुष्य टिकलं असं मला वाटतं.

आता माशांकडे येतो, कारण टेपवाल्याच्या वहीत मासे नसतात. (विहिरीत असतात. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं गप्पी मासे सोडतं, ते टेपचं वजन पाण्याला टेकताच सैरावैरा पळायचे.)

पाऊस थांबल्यावर नदी वाहते कशावर? ऑक्टोबरनंतर सिंदफणा, मांजरा, तेरणा, दुधना यांच्या पात्रात धरणातून सोडलेलं नसेल असं जे पाणी दिसतं, ते दोन्ही काठांच्या मुरमातून पाझरलेलं भूजल असतं. काठच्या विहिरींची पातळी नदीच्या तळापेक्षा वर असेपर्यंत पाझर नदीकडे येतो. पातळी खाली गेली, की उतार फिरतो आणि नदीच जमिनीत मुरायला लागते. आधी धार तुटते, मग वेगवेगळे डोह उरतात, मग तेही आटतात.

डोहातलं पाझराचं पाणी माशांना आणखी एका कारणाने लागतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. खरं तर ते पाणी बारा महिने जवळपास सारखंच गार किंवा कोमट असतं, त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास; बदलते ती बाहेरची हवा. मे महिन्यात उथळ पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा झरा असलेल्या डोहाचा तळ थंड राहतो. वाम आणि शिंगाळा तिथे तग धरतात. मरळ त्याहून चिवट. तिला हवेतूनही श्वास घेता येतो, ओल्या चिखलात ती काही काळ जगू शकते. म्हणून आटत आलेल्या डोहात शेवटी मरळच हाती लागते, आणि पोरांना वाटतं नदीत अजून मासे आहेत. चिखलातली ओलही शेवटी मुरमातूनच येते.

जायकवाडीची तऱ्हा निराळी. १९७६ पासून भरणारा हा नाथसागर म्हणजे गोदावरीवरचा एक विस्तीर्ण, बराचसा उथळ तलाव. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकलं, की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथे रोहित पक्षी, चक्रवाक, पाणथळीतले पाहुणे उतरतात. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्यही आहे. तिथे कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडतात, मासेमारी होते, मोजदाद होते. धरणातले मासे असे सरकारदरबारी हिशेबात असतात. डोहातल्या मरळीला खातं नाही. बालाघाटाच्या कडेला, पाटोद्याकडे, नायगाव मयूर अभयारण्य आहे. तिथे मांजऱ्या खडकातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कड्याच्या पोटातून पाझरतं. तो पाझर टिकेपर्यंत मोरांना आणि काळविटांना ओढ्यात पाणी मिळतं. तो सुकला की वन विभागाचे पाणवठे टँकरने भरायचे. भूजलाची वही एका कार्यालयात, मत्स्यबीजाची दुसऱ्या, पाणवठ्यांची तिसऱ्या. निरीक्षण विहिरीजवळचा डोह कोणत्या महिन्यात तुटला, एवढी एक ओळ पातळीच्या आकड्याशेजारी लिहिली गेली, तर तिन्ही खात्यांचं काम होईल. त्याला उपग्रह लागत नाही. टेपवाला तसाही नदी ओलांडूनच येतो.

एकदा मे महिन्यात तो टेप गुंडाळत होता, तेव्हा धुणं वाळत घालणाऱ्या आजींनी विचारलं, "काय भरलं ओ साहेब?"

"अकरा पॉइंट चाळीस मीटर, आजी."

"परसात सांगा की."

परस म्हणजे माणसाच्या उंचीवरून खोली मोजायचं जुनं माप. त्याला ते माहीत नव्हतं. आजींनी कठड्यावरून आत वाकून बघितलं, रहाटाच्या दोराच्या ओल्या भागावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "पाच-सहा परस झालं की. औंदा मरळ लवकर घावली पोरांना, तवाच म्हणलं मी."

त्याने वही पुन्हा उघडली, क्षणभर थांबला, आणि आकड्यापुढे काही न लिहिता मिटली.