सगळ्यांचं छान चाललंय!

एक कागद घ्या आणि त्यावर पाच ठिपके काढा. त्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावं द्या. अ ची बाकीच्या चौघांशी मैत्री आहे, म्हणून अ पासून चार रेघा ओढा. ब आणि क एकमेकांनाही ओळखतात, त्यांच्यात आणखी एक रेघ. झालं, आपलं छोटंसं समाजमाध्यम तयार.

आता मोजा. अ चे मित्र चार, ब आणि क चे दोन-दोन, ड आणि इ चा एकेक. बेरीज दहा, माणसं पाच, सरासरी दोन. पण हा हिशेब वरून बघणाऱ्याचा. ठिपक्याला वरून बघता येत नाही, त्याला आपल्या रेघेच्या टोकाला असलेली माणसं तेवढी दिसतात. ब ला दिसतो चार मित्रवाला अ आणि दोन मित्रवाला क, म्हणजे सरासरी तीन. क चंही तेच. ड आणि इ ला तर एकटा अ च दिसतो, म्हणजे थेट चार. पाचातल्या चौघांना वाटणार की आपल्यापेक्षा आपल्या मित्रांचाच गोतावळा मोठा. गंमत अशी, की ते खोटं नाही. कुणी थाप मारलेली नाही की कुणी मिरवलेलं नाही.

स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली हा ‘मैत्रीचा विरोधाभास’ मांडला. कारण साधं आहे. ज्याचे मित्र जास्त, तो जास्त जणांच्या यादीत असतो. अ चार याद्यांमध्ये मोजला गेला, बिचारा ड एकाच. म्हणून मित्रांची यादी हा समाजाचा नमुना कधीच नसतो, ती आधीच गोतावळेवाल्यांच्या बाजूला झुकलेली असते.

पाच ठिपक्यांचं सोडा, २०११ साली संशोधकांनी हाच हिशेब फेसबुकवरच्या सुमारे ७२ कोटी लोकांसाठी मांडला. सरासरी माणसाचे मित्र होते १९०, त्याच्या मित्रांचे मात्र सरासरी ६३५. मित्रांच्या सरासरीपेक्षा मागे असलेले लोक किती? ९३ टक्के!

समाजमाध्यमांचा मनावर काय परिणाम होतो, याची चर्चा सुरू झाली की गाडी लगेच डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर जाते. त्यातही तथ्य आहे, पण मला हे कागदावरचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण ते मित्रांच्या आकड्यावर थांबत नाही. जो वारंवार पोस्ट टाकतो तो वारंवार दिसतो. जो वर्षभर गप्प असतो, तो आपल्यासाठी जणू नसतोच. मग पोस्ट टाकणाराही निवडूनच टाकतो: पदवीदान समारंभ, नवं घर, डोंगरमाथ्यावरचा सूर्योदय. त्यातून ज्यावर लोकांच्या उड्या पडतात ते अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारी संगणकाची रीत, आणखी वर ढकलतो. म्हणजे एकावर एक चार चाळण्या, आणि प्रत्येक चाळणी एकाच दिशेला कललेली. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ अशी म्हण आहे, पण इथे कितीही वाकलं तरी दुसऱ्याने झाकलेलं दिसत नाही.

तुलना करणं हा काही नवा रोग नाही. स्वतःला मोजायला पट्टी मिळाली नाही की माणूस आजूबाजूच्यांनाच पट्टी करतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ सालीच लिहून ठेवलंय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमच्या बरोबरीच्यांना वाईट दिवस किती वेळा येतात. बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला, कारण माणूस रडतो तो दार लावून. आणि ज्यांचा अंदाज जास्त चुकला, ते जास्त एकाकी होते.

मग यातून खरोखर आजार वाढतो का? इथे फेसबुकच्या इतिहासाने संशोधकांना एक आयता प्रयोग दिला. २००४ साली फेसबुक हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि पुढची दोन-अडीच वर्षं ते अमेरिकेत एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने पोहोचत गेलं. त्याच काळात विद्यार्थ्यांच्या आरोग्याचं सर्वेक्षणही चालू होतं. अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही जुळवून पाहिलं. २०२२ साली निष्कर्ष आला: जिथे फेसबुक पोहोचलं तिथे मनःस्वास्थ्य ढासळलं. किती? नोकरी गेल्यावर मनावर जेवढा परिणाम होतो, त्याच्या सुमारे २२ टक्के. मला त्यातला दारूचा भाग फार बोलका वाटला. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं स्वतःचं पिणं फारसं बदललं नाही, पण ‘बाकीचे किती पितात’ याबद्दलचा त्यांचा समज बदलला. पार्ट्या होत्या तेवढ्याच होत्या, फोटो वाढले होते.

लगेच ‘मोबाइलने पिढी बरबाद झाली’ असं म्हणायची मात्र घाई नको. २०१९ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची माहिती तपासली गेली. त्यांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जुळत होता. चष्मा लावण्याचा संबंध त्याहून वाईट निघाला आणि बटाटे खाण्याचा जवळपास तेवढाच! अर्थात सरासरीत सगळेच एका मापाने मोजले जातात. कॉलेजांच्या त्याच अभ्यासात जे आधीच थोडे कडेला होते, उदाहरणार्थ कॉलेजच्या आवाराबाहेर राहणारे, त्यांना जास्त फटका बसल्याचं दिसलं. आपल्या चित्रातले ड आणि इ.

फेसबुक बंदच केलं तर? २०१८ साली अमेरिकेत काही लोकांना सुमारे १०० डॉलर देऊन चार आठवडे ते बंद ठेवायला लावलं. रोजचा जवळजवळ एक तास मोकळा झाला, त्यातला काही वेळ टीव्हीकडे गेला, काही घरच्यांकडे आणि मित्रांकडे. मन थोडं हलकं झालं. थोडंच, पण मोजता येईल इतपत. आणि बातम्या मात्र त्यांना कमी कळल्या.

तो कागद अजून समोर असेल तर ड आणि इ कडे पुन्हा बघा. दोघांनाही वाटतंय की आपणच मागे राहिलो, पण त्यांच्यामध्ये रेघ नसल्यामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही. ती रेघ ओढा. आता ड ला अ बरोबर इ सुद्धा दिसतो, आणि त्याच्या मित्रांची सरासरी चारावरून तीनावर येते. त्याचे स्वतःचे मित्र आता दोन.