साडू, आतेभाऊ आणि दोन जावई: वॉरिकच्या अर्लची सोयरीक

'किंगमेकर' म्हणून ओळखला जाणारा इंग्लंडमधला बडा सरदार, वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल (1428–1471) याच्या लढाया अनेकांना ठाऊक असतात. पण त्या कुणाविरुद्ध आणि का झाल्या, हे त्याची नाती मांडून बसल्याशिवाय उमगत नाही. इंग्रजीत सगळेच 'कझिन', त्यामुळे गोंधळ वाढतो. मराठीत हे प्रकरण बरंच सोपं होतं.

आजोबा राल्फ नेव्हिल यांना दोन बायका आणि वीसहून अधिक मुलं. दुसरी बायको जोन बोफोर्ट राजघराण्यातली, म्हणून तिच्या मुलांना मोठमोठी स्थळं मिळाली. धाकटी सेसिली यॉर्कच्या ड्यूकला दिली. ती वॉरिकची आत्या, म्हणजे पुढे राजा झालेला चौथा एडवर्ड त्याचा सख्खा आतेभाऊ.

वॉरिकचं स्वतःचं लग्न चक्क साटंलोटं होतं. तो लहान असतानाच ॲन बोशाँ त्याला केली आणि त्याची बहीण ॲनच्या भावाला दिली. तेव्हा ॲनला फार काही मिळेल असं कुणाला वाटलं नसावं. पण 1446 मध्ये तो भाऊ वारला, 1449 मध्ये त्याची चिमुरडी मुलगीही गेली, आणि सख्खी बहीण म्हणून वॉरिकची जहागीर ॲनकडे आली. तिच्या तीन सावत्र बहिणींनी हक्क सांगितला. त्यांतल्या एकीचा नवरा सोमरसेटचा ड्यूक. म्हणजे 1455 मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत वॉरिकच्या विरोधात उभा राहून मारला गेलेला सोमरसेट हा त्याचा सावत्र साडू होता, आणि जमिनीचं भांडण आधीपासूनच धुमसत होतं.

1461 मध्ये आतेभाऊ गादीवर बसला. 1464 मध्ये त्याने एलिझाबेथ वुडव्हिलशी गुपचूप लग्न केलं, आणि राणीच्या माहेरच्यांनी एकेक चांगलं स्थळ पटकावायला सुरुवात केली. कहर म्हणजे वॉरिकची पासष्टीच्या आसपासची विधवा आत्या कॅथरिन राणीच्या विशीतल्या भावाला दिली! 1469 मध्ये वॉरिकने त्या भावाचा शिरच्छेद करवला. आत्या 1483 मध्येही हयात होती.

वॉरिकला मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरली इसाबेल त्याने 11 जुलै 1469 रोजी कॅलेमध्ये राजाच्या भावाला, क्लॅरन्सला दिली. मुलगी नवऱ्याच्या मामेभावाची, म्हणून पोपची परवानगी आणावी लागली. लग्न लावलं वॉरिकच्याच भावाने, यॉर्कच्या आर्चबिशपने. मग आतेभावाची बाजू सोडून धाकटी ॲन त्याने शत्रूघराण्यातल्या, लँकेस्टरच्या युवराजाला दिली. 14 एप्रिल 1471 रोजी बार्नेटच्या लढाईत वॉरिक पडला, तेव्हा थोरला जावई आधीच पलीकडे, एडवर्डकडे गेलेला होता. तीन आठवड्यांत धाकटाही लढाईत संपला.

विधवा झालेल्या धाकट्या मुलीशी, ॲनशी, राजाचा दुसरा भाऊ रिचर्ड लग्न करू पाहत होता. वाटणी नको म्हणून क्लॅरन्सने मेहुणीला लंडनमध्ये स्वयंपाकघरातल्या मोलकरणीच्या वेशात लपवलं, असं क्रॉयलंड मठाची बखर सांगते. रिचर्डने तिला शोधून काढलंच.

आता भांडण सासूच्या, म्हणजे वॉरिकच्या विधवेच्या इस्टेटीवरून. जहागीर मुळात तिची, आणि ती ब्यूली मठात आश्रयाला, चांगली जिवंत! 1474 मध्ये पार्लमेंटने कायदा करून तिला वारसाहक्कापुरतं मृत मानलं आणि इस्टेट दोन्ही जावयांत वाटली. तिने दोन्ही मुलींचे मृत्यू पाहिले. 1487 मध्ये तेव्हाचा राजा सातव्या हेन्रीने जमिनी तिच्या नावावर परत केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक तिच्याकडून स्वतःच्या नावावर लिहून घेतल्या.